मधुमेह प्रतिबंध आणि दुर्बल घटकांशी आरोग्यसंवाद : वाई तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

मधुमेह हा सुखवस्तू नागरी वर्गाचा रोग होय, ही समजूत आता टिकणारी राहिलेली नाही. ग्रामीण, अल्पशिक्षित व कष्टकरी समाजातही या रोगाचा आणि त्याच्या पूर्वावस्थेचा प्रसार झाल्याचे विविध पाहण्यांतून सिद्ध झाले आहे. हा रोग लांबविता येतो व अनेकदा टाळता येतो, हेही संशोधनाने दाखवून दिले आहे. तथापि हे ज्ञान ज्यांना सर्वाधिक उपयोगी पडावे, त्यांच्यापर्यंत ते समजेल अशा रूपात पोहोचत नाही. प्रस्तुत लेखात सातारा जिल्ह्यातील वाई तालुका डोळ्यांसमोर ठेवून दुर्बल घटक कोणते, त्यांच्याशी होणाऱ्या संवादातील अडथळे कोणते आणि भाषा, आशय, माध्यम व संवादक या चार अंगांनी त्यांवर कोणते उपाय संभवतात, याचा विचार केला आहे.

बीजसंज्ञा : मधुमेह, मधुमेहपूर्व अवस्था, आरोग्यसंवाद, दुर्बल घटक, ऊसतोडणी मजूर, आशा स्वयंसेविका, लोकमाध्यमे, वाई.

१. प्रस्तावना

कृष्णाकाठी वसलेले वाई हे 'दक्षिण काशी' म्हणून ओळखले जाते. घाट, मंदिरे व पाठशाळा यांमुळे या गावाला विद्येची परंपरा लाभली. मराठी विश्वकोशाचे कार्य तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली याच गावी उभे राहिले. विश्वकोशाचा परिभाषा-संग्रह १९७३ मध्ये व पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. आधुनिक ज्ञान मराठीतून सांगता यावे, यासाठी येथे शास्त्रीय संज्ञांची घडण झाली. मात्र ज्ञान मराठीत येणे आणि ते सामान्य माणसाच्या बोलण्यात येणे, या दोन वेगळ्या गोष्टी होत. आरोग्यविषयक ज्ञानाच्या बाबतीत हा फरक विशेष तीव्रतेने जाणवतो. कारण येथे शब्द न समजण्याची किंमत शरीराला मोजावी लागते.

वाई तालुक्याचे भौगोलिक रूप संमिश्र आहे. पश्चिमेस धोम व बलकवडी धरणांचा, पावसाचा व डोंगरी वस्त्यांचा प्रदेश आहे. पूर्वेस ऊस, हळद व भाजीपाला पिकविणारा बागायती पट्टा आहे. भुईंज येथील साखर कारखान्यामुळे दरवर्षी गळीत हंगामात ऊसतोडणी मजुरांची वर्दळ असते. वरच्या अंगास पाचगणी व महाबळेश्वर ही पर्यटनस्थळे असल्याने हॉटेले, वाहतूक व घरकाम यांवर अनेक कुटुंबांची गुजराण होते. डोंगरी गावांतील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस कामाला जात आले आहेत. अशा तालुक्यात 'जनता' म्हणून एकच श्रोतृवर्ग कल्पून दिलेला संदेश बहुतेकांना परकाच वाटणार, हे उघड आहे.

२. प्रश्नाचे स्वरूप

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के व मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण १५.३ टक्के आढळले. म्हणजेच २०२१ मध्ये सुमारे १० कोटी १० लक्ष व्यक्तींना मधुमेह होता आणि १३ कोटी ६० लक्ष व्यक्ती त्याच्या वाटेवर होत्या. याच पाहणीच्या पहिल्या टप्प्यात, २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकडेवारीनुसार, महाराष्ट्रात मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के होते. नागरी भागात ते १०.९ टक्के, तर ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण मात्र १२.८ टक्के, म्हणजे मधुमेहाहूनही अधिक होते. २०२३ च्या निष्कर्षांत या पूर्वावस्थेबाबत ग्रामीण व नागरी भागांत जवळजवळ तफावत दिसून आली नाही. शहरातील आजचे चित्र उद्या खेड्यात दिसेल, असा याचा अर्थ निघतो. मध्ये जो काळ आहे, तोच प्रतिबंधाचा काळ होय.

उपाशीपोटी रक्तशर्करा १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक, ग्लुकोज घेतल्यानंतर दोन तासांनी २०० किंवा अधिक, अथवा तीन महिन्यांची सरासरी दर्शविणारे एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा अधिक आढळल्यास मधुमेहाचे निदान केले जाते. त्याखालील पण स्वाभाविक मर्यादेच्या वरील टप्पा म्हणजे मधुमेहपूर्व अवस्था. या टप्प्यावर सहसा कोणतेही लक्षण जाणवत नाही. दुखत नाही, खुपत नाही, कामही अडत नाही. ज्याला आजारी वाटत नाही त्याला आजार टाळण्यास सांगणे, हे प्रतिबंधपर संवादापुढील मूळ आव्हान आहे.

प्रतिबंध शक्य आहे, याविषयी आता शंका उरलेली नाही. २००१ मधील फिनलंडच्या व २००२ मधील अमेरिकेच्या अभ्यासांत आहार, वजन व व्यायाम यांतील बदलांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. भारतात डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी चेन्नई येथे ५३१ व्यक्तींवर केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तीन वर्षांत केवळ सर्वसाधारण सल्ला मिळालेल्या गटातील ५५ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. जीवनशैलीविषयी सातत्याने मार्गदर्शन मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के होते. या दोन आकड्यांमधील अंतर कोणत्याही औषधाने नव्हे, तर सातत्याच्या मार्गदर्शनाने निर्माण झाले.

३. दुर्बल घटक कोण?

आरोग्याच्या संदर्भात दुर्बलता ही केवळ उत्पन्नावर ठरत नाही. रोगाचा धोका अधिक, माहिती मिळण्याची शक्यता कमी आणि मिळालेली माहिती आचरणात आणण्याचे स्वातंत्र्य त्याहून कमी, अशी तिहेरी अडचण ज्यांच्या वाट्याला येते ते या विषयातील दुर्बल घटक होत. वाईच्या संदर्भात त्यांचे पुढील गट विचारात घेता येतात.

(अ) ऊसतोडणी मजूर : बीड, अहिल्यानगर आदी दुष्काळी भागांतून ही कुटुंबे हंगामाच्या आरंभी येतात. पती-पत्नी मिळून एक 'कोयता' मानला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत कामातून सुटका नसते. पहाटेपासून तोडणी, मोळ्या बांधणे व वाहने भरणे हा दिनक्रम असल्याने दवाखान्याच्या वेळेत दवाखाना गाठणे म्हणजे मजुरी बुडविणे होय. १४ नोव्हेंबर हा जागतिक मधुमेह दिन साजरा होतो तेव्हा साधारणतः गळीत हंगाम सुरू होत असतो. मूळ गावातील फेऱ्या व शिबिरे यांच्या गावी होतात तेव्हा हे गावी नसतात, आणि ज्या गावाच्या शिवारात ते असतात त्या गावच्या यादीत त्यांची नावे नसतात.

(आ) गर्भवती व प्रसूत स्त्रिया : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून केलेला मातृपोषणाचा अभ्यास येथे मार्गदर्शक ठरतो. या खेड्यांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. परंतु वजनाने लहान असलेल्या या बालकांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण तुलनेने टिकून होते. 'कृश तरी स्थूल' अशा या शरीररचनेचा संबंध पुढील आयुष्यातील मधुमेहाशी जोडला जातो. अभ्यासातील निम्म्याहून अधिक मातांमध्ये जीवनसत्त्व ब-१२ ची न्यूनता आढळली. सारांश, रोडपणा हा मधुमेहापासून संरक्षण देतोच असे नाही आणि अर्धपोटी राहून कष्ट करणाऱ्या मातेच्या बालकालाही पुढे हा धोका संभवतो. गर्भारपणात रक्तशर्करा वाढलेल्या स्त्रियांना पुढे मधुमेह होण्याचा धोका इतर स्त्रियांच्या सुमारे सातपट असतो, हेही ज्ञात आहे.

(इ) एकाकी वृद्ध व विधवा : मुले मुंबई-पुण्यास असल्याने डोंगरी गावांत मागे राहिलेल्या वृद्धांना तपासणीसाठी वाईस जाणे एस.टी.च्या वेळांवर व सोबतीवर अवलंबून असते. अक्षरओळख कमी, दृष्टी मंद, अशा स्थितीत छापील पत्रक हे माध्यमच निरुपयोगी ठरते.

(ई) असंघटित सेवाक्षेत्रातील कामगार : हॉटेलांतील आचारी व वाढपी, वाहनचालक, रात्रपाळीचे पहारेकरी यांचे जेवण अवेळी व उरल्यासुरल्यावर होते. वारंवार गोड चहा हाच त्यांचा थकवा घालविण्याचा उपाय असतो.

४. शब्दांचा प्रश्न

या रोगाचे मराठीतील शास्त्रीय नाव 'मधुमेह' हे आयुर्वेदातील प्रमेहाच्या विवेचनातून आलेले आहे. ग्रामीण बोलीत मात्र 'शुगर', 'साखर' किंवा 'साखरेचा आजार' असे म्हटले जाते. 'बीपी-शुगर' ही तर जोडनावासारखी रूढ झालेली संज्ञा आहे. हे नाव सुटसुटीत असले, तरी त्यातून एक अनुमान आपोआप निघते : साखर खाल्ल्याने साखर होते, सबब जो गोड खात नाही, त्याला भय नाही. भात, मैद्याचे पदार्थ, तळण, पोटाचा वाढलेला घेर, आनुवंशिकता व बैठी जीवनपद्धती यांचा या नावात मागमूस नसतो. रोगाचे नावच अपुरी कारणमीमांसा सुचवीत असल्यास संदेशाचा आरंभ तेथून करावयास हवा. 'रक्तातली साखर ही केवळ डब्यातली साखर नव्हे. भाकरी, भात, बटाटा या सर्वांचीच पोटात गेल्यावर साखर होते व ती अंगी लागण्याची क्रिया बिघडणे म्हणजे हा आजार', असे सांगितल्यास बोलीतील शब्द न टाकता त्याचा अर्थ विस्तारता येतो.

दुसरा शब्द 'बॉर्डर'. तपासणीनंतर 'शुगर बॉर्डरवर आहे' असे सांगण्याचा प्रघात आहे. सांगणाऱ्याच्या मनात तो इशारा असतो. ऐकणारा मात्र त्यातून दिलासा घेतो. अजून पलीकडे गेलो नाही, म्हणजे काही झालेले नाही, असा त्याचा अर्थ लावून तो घरी जातो. 'मधुमेहपूर्व अवस्था' ही संज्ञा अचूक असली तरी बोलण्यात येणे कठीण. त्याऐवजी 'आजार उंबरठ्यावर आला आहे. आत आलेला नाही. अजून परत पाठविता येतो' अशी मांडणी घरगुती प्रतिमेतून धोका व आशा या दोन्ही गोष्टी एकाच वेळी पोहोचविते.

'पथ्य' हा शब्द मराठी मनाला परिचित आहे. परंतु पथ्य हे औषधाबरोबर व औषधापुरते असते, अशी धारणा आहे. आजार बरा झाला की पथ्य सुटते. प्रतिबंधासाठी अपेक्षित असलेला बदल मात्र कायमचा असतो. म्हणून 'पथ्य पाळा' यापेक्षा 'घरातली रीत बदला' असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरते. कारण पथ्य एका व्यक्तीचे असते, तर रीत सर्व घराची असते. सर्वांना जेवू घालून उरलेले खाणाऱ्या स्त्रीला स्वतंत्र पथ्याचे जेवण रांधणे जमत नाही. घराची रीत बदलली तरच तिचे ताट बदलते.

काही धारणा याहूनही खोल रुजलेल्या आहेत. कडू खाल्ले की अंगातले गोड मरते, या तर्काने कारले व कडुनिंबाचा रस घेतला जातो आणि त्याच्या भरवशावर तपासणी टाळली जाते. गूळ हा नैसर्गिक असल्याने तो चालतो, असे गूळ पिकविणाऱ्या पट्ट्यात सहज मानले जाते. वस्तुतः गुळानेही रक्तशर्करा वाढते. उपवासाने साखर उतरते असे समजून साबुदाणा, बटाटा व शेंगदाणे यांचा फराळ होतो. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण या वर्तनावर समाजानेच केलेली टीका आहे आणि उपदेशाऐवजी तिचाच आधार घेतल्यास श्रोते दुखावले जात नाहीत. 'एकदा गोळी सुरू झाली की सुटत नाही' या भीतीपोटी तपासणीच न करण्याकडेही कल असतो. अशा श्रोत्यास गोळी टाळण्याचा मार्ग म्हणून तपासणी सुचविणे हे त्याच्या भीतीलाच प्रतिबंधाच्या कामी लावणे होय.

५. संदेशाचा आशय

'व्यायाम करा, वजन घटवा, फळे खा' हे सर्वसाधारण संदेश दुर्बल घटकांच्या बाबतीत अनेकदा अप्रस्तुत ठरतात. दिवसभर ऊस तोडणाऱ्या स्त्रीस चालण्याचा सल्ला देणे म्हणजे तिच्या जीवनाविषयीचे अज्ञान प्रकट करणे होय. तिच्यासाठी गर्भारपणातील तपासणी, पोटभर व सकस अन्न आणि विश्रांती हाच मधुमेह प्रतिबंधाचा संदेश आहे. याउलट शेतीत यंत्रे आल्याने किंवा वयपरत्वे ज्यांचे अंगमेहनतीचे काम सुटले पण आहार तोच राहिला, अशांना चालण्याचे महत्त्व सांगणे आवश्यक आहे.

संदेश मोजता येण्याजोगा असावा. याचे सोपे उदाहरण चहाचे आहे. एका कपात दोन चमचे, म्हणजे सुमारे १० ग्रॅम साखर धरली, तर दिवसाच्या सहा कपांतून ६० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनेनुसार वरून घातलेल्या साखरेपासून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी. २,००० उष्मांकांच्या आहारात ही मर्यादा सुमारे ५० ग्रॅम भरते. ती केवळ चहानेच ओलांडली जाते. चहा सोडण्यास सांगितल्यास कोणी ऐकणार नाही. कपातील साखर दोन चमच्यांवरून एकावर आणण्यास सांगितल्यास ६० ग्रॅमचे ३० ग्रॅम होतात. पैशाची बचतही होते.

धोका ओळखण्याचे साधनही अक्षरांविना वापरता येण्याजोगे हवे. डॉ. व्ही. मोहन व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये मांडलेल्या भारतीय मधुमेह जोखीम गुणांकात वय, कंबरेचा घेर, शारीरिक श्रम व आई-वडिलांचा मधुमेह या चारच बाबी विचारात घेतल्या जातात. १०० पैकी ६० वा अधिक गुण आल्यास धोका मोठा मानून रक्ततपासणी करावी, असे अभिप्रेत आहे. उदाहरणार्थ, ५२ वर्षांच्या स्त्रीचे वयाचे ३०, कंबरेचा घेर ८४ सेंटिमीटर असल्यास १०, व्यायाम नाही पण अंगमेहनतीचे काम आहे म्हणून २० व आईस मधुमेह असल्यास १० असे ७० गुण होतात. ही बेरीज न येणाऱ्यांसाठी दोरीची युक्ती पुरेशी आहे. स्वतःच्या उंचीइतकी दोरी घेऊन ती मधोमध दुमडावी व कंबरेभोवती लावावी. टोके जुळली नाहीत, तर तपासणीस जावे. कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी असावी, या वैद्यकीय सूत्राचेच हे घरगुती रूप आहे.

६. माध्यमे : जुनी व नवी

महाराष्ट्रात लोकशिक्षणासाठी लोककलांचा उपयोग करण्याची परंपरा जुनी आहे. संत गाडगेबाबा कीर्तनातून श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून वदवून घेत. स्वच्छता, व्यसनमुक्ती व कर्जबाजारीपणा हे विषय त्यांनी या पद्धतीने खेडोपाडी नेले. आधुनिक आरोग्यसंवादात 'ऐकलेले स्वतःच्या शब्दांत परत सांगावयास लावणे' ही पद्धत आकलन तपासण्यासाठी शिफारस केली जाते. तत्त्वतः ती गाडगेबाबांच्या कीर्तनपद्धतीहून फारशी भिन्न नाही. लोकनाट्य व लोकगीतांतून समाजप्रबोधन करणारे शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ मध्ये वाई तालुक्यातीलच पसरणी येथे झाला. भारूड, वग व पोवाडा यांना दाद देणारा श्रोता या भूमीत आजही आहे.

परंतु माध्यमाची निवड करताना ते कोणाला वगळते, याचाही विचार हवा. मांढरदेवीची यात्रा किंवा बावधनचे बगाड या प्रसंगी मोठा समुदाय एकत्र येतो. तेथे विषयाची वर्दी देता येते. समजावून सांगता येत नाही. गर्दीत टोचून घेतलेल्या रक्ताचा आकडा चिठ्ठीवर मिळतो, पण त्याचा पाठपुरावा कोणी करीत नाही. संक्रांतीचे हळदीकुंकू हे स्त्रियांशी निवांत बोलण्याचे उत्तम निमित्त मानले जाते व अनेक ठिकाणी त्याला जोडून आरोग्यविषयक व्याख्यानेही होतात. मात्र रूढीमुळे विधवा स्त्रिया त्यापासून दूर राहतात. वयाने मोठ्या, एकाकी व म्हणून अधिक धोक्यात असलेल्या स्त्रियाच अशा रीतीने संदेशाबाहेर जातात. तोच कार्यक्रम बचत गटाच्या मासिक सभेत घेतल्यास हा अडसर बराच कमी होतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवसांच्या ग्रामसभा हेही एक व्यासपीठ आहे. तेथे स्थलांतरित मजूर नसतो, हे मात्र ध्यानी ठेवले पाहिजे.

श्राव्य माध्यमांत आकाशवाणीबरोबर सामुदायिक नभोवाणीची भर पडली आहे. सातारा जिल्ह्यातच म्हसवड येथे २००८ पासून सुरू झालेल्या 'माणदेशी तरंग' केंद्राने स्थानिक बोलीत, स्थानिक स्त्रियांच्या आवाजात कार्यक्रम प्रसारित करता येतात, हे दाखवून दिले. भ्रमणध्वनीच्या उपयोगाविषयी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला दक्षिण भारतातील अभ्यास उल्लेखनीय आहे. मधुमेहपूर्व अवस्थेतील ५३७ पुरुषांपैकी निम्म्यांना दोन वर्षे नियमित लघुसंदेश पाठविण्यात आले. संदेश न मिळालेल्यांपैकी २७ टक्के, तर संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्के व्यक्तींना मधुमेह झाला. प्रत्येकाची बदलाविषयीची मानसिक तयारी पाहून संदेशांची निवड केली जात होती, हे या यशाचे मर्म होय. मात्र ते सर्व वाचू शकणारे, नोकरदार पुरुष होते. घरातील एकमेव फोन मुलाच्या हाती असलेल्या वृद्धेस लघुसंदेशाचा उपयोग नाही. तिच्यासाठी ध्वनिमुद्रित संदेश व तो ऐकविणारी शेजारीण हवी.

७. संवादक कोण असावा?

संदेश कोण सांगतो, यावर तो मानला जातो की नाही, हे बरेचसे अवलंबून असते. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे सुरू केलेल्या प्रकल्पाने अल्पशिक्षित व निरक्षर ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले. त्यांचा शब्द गावात मानला गेला, कारण त्या गावाच्याच होत्या. २००५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील आशा स्वयंसेविका ही अशाच प्रकारची योजना होय. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात ३० वर्षांवरील व्यक्तींची जोखीम नोंदविण्याचे काम आशांकडे आहे. घरोघर जाऊन त्या वय, कंबर, व्यसन, श्रम व आनुवंशिकता यांविषयी विचारतात आणि आवश्यकतेनुसार आरोग्य उपकेंद्रात पाठवितात.

ही रचना चांगली असली तरी तिच्यात एक धोका आहे. तक्ता भरणे हेच काम ठरले की संवाद मागे पडतो. 'कंबर किती?' हा प्रश्न विचारून आकडा नोंदविणे आणि त्या आकड्याचा अर्थ त्या घराला समजेपर्यंत बोलणे, यांत अंतर आहे. तक्त्यात पहिल्यासाठी रकाना असतो, दुसऱ्यासाठी नसतो. म्हणून आशांच्या प्रशिक्षणात माहितीबरोबरच संभाषणाचा सराव असणे अगत्याचे आहे. वडीलधाऱ्या पुरुषास कंबर मोजू देण्याचा संकोच वाटतो. तेथे दोरी त्याच्याच हाती देणे यांसारख्या बारीकसारीक बाबी पुस्तकातून नव्हे, तर अनुभवी आशांकडूनच शिकता येतील.

ऊसतोडणी मजुरांच्या बाबतीत संवादकाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. मूळ गावची आशा दूर राहते व हंगामाच्या गावची आशा त्यांना ओळखत नाही. अशा वेळी मजुरांच्या टोळीतीलच एखादी जाणती स्त्री दुवा होऊ शकते. तपासणीची वेळ तोडणीनंतरची, जागा कोप्यांजवळची आणि नोंद मजुराने स्वतःजवळ बाळगण्याच्या कार्डावर असल्यास तुटलेला धागा जोडता येईल. गर्भवतींसाठीची राष्ट्रीय कार्यक्रमातील तपासणी येथे विशेष सोयीची आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी रक्तशर्करा पाहिली जाते. १४० मिलिग्रॅम वा अधिक आढळल्यास उपचार सुरू केले जातात. त्यासाठी उपाशी असण्याची अट नाही. एकाच भेटीत निदान होत असल्याने 'उद्या उपाशीपोटी या' असे सांगून मजूर स्त्रीस परत पाठवावे लागत नाही.

८. संवादाच्या मर्यादा

संवादाने सर्व काही साधेल, असे मानणे योग्य होणार नाही. केरळमध्ये १,००७ व्यक्तींना घेऊन समवयस्क गटांच्या साहाय्याने केलेल्या व २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन वर्षांनी मधुमेह होण्याचे प्रमाण तुलनागटात १७.१ टक्के, तर कार्यक्रमातील गटात १४.९ टक्के आढळले. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या सिद्ध मानण्याइतका नव्हता. तथापि फळे-भाज्यांचे सेवन वाढले, मद्यपान घटले व जोखीम गुणांक सुधारला. वर्तनातील बदल आधी दिसतो व रोगावरील परिणाम दिसण्यास अधिक काळ किंवा अधिक तीव्र प्रयत्न लागतात, असा बोध त्यातून घेता येतो.

याखेरीज संदेश व परिस्थिती यांतील विसंगती दूर न झाल्यास संदेशाचे रूपांतर दोषारोपात होते. शिधापत्रिकेवर प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळत असताना ज्वारी-बाजरी खाण्याचा आग्रह धरणे, म्हणजे गरिबाला बाजाराची वाट दाखविणे होय. ज्या मजुराच्या कोपीत शिजविण्यास पुरेसे पाणीही नसते, त्याला भाज्यांची यादी देऊन काय साधणार? 'सांगूनही ऐकत नाहीत' ही आरोग्ययंत्रणेची नेहमीची तक्रार असते. सांगितलेले करता येण्याजोगे होते काय, हा प्रश्न तिच्या आधी विचारला गेला पाहिजे.

९. निष्कर्ष व शिफारशी

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. मधुमेहपूर्व अवस्था ग्रामीण भागात शहराइतकीच पसरलेली असल्याने प्रतिबंधपर संवादाचे केंद्र शहराकडून खेड्याकडे व रुग्णाकडून निरोगी वाटणाऱ्या व्यक्तीकडे वळविणे आवश्यक आहे.

२. 'साखर', 'बॉर्डर', 'पथ्य' या रूढ शब्दांना वगळून नव्हे, तर त्यांचा अर्थ विस्तारून किंवा दुरुस्त करून संदेशाची रचना करावी.

३. प्रत्येक गटासाठी संदेश वेगळा असावा. ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रीसाठी पोषण व गर्भारपणातील तपासणी, वृद्धांसाठी चालणे व घराजवळ तपासणी, सेवाक्षेत्रातील कामगारांसाठी चहा व अवेळी जेवण हे मध्यवर्ती विषय ठरावेत.

४. यात्रा व मेळावे यांचा उपयोग वर्दी देण्यापुरता करून समजावणीचे काम बचत गट, घरभेटी व मजुरांच्या कोप्या येथे करावे. हळदीकुंकवासारख्या कार्यक्रमांतून कोण वगळले जाते, याकडे लक्ष द्यावे.

५. स्थलांतरितांसाठी स्वतःजवळ बाळगण्याचे तपासणी-कार्ड व दोन्ही गावांच्या आशांमधील संपर्क यांची व्यवस्था व्हावी.

६. आशांच्या कामाचे मूल्यमापन भरलेल्या तक्त्यांबरोबरच श्रोत्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलेल्या आकलनावरूनही व्हावे.

विश्वकोशाच्या गावी मराठीला आधुनिक ज्ञानाची परिभाषा मिळाली. त्याच तालुक्यातील उसाच्या फडात, डोंगरी वाडीत व हॉटेलच्या मुदपाकखान्यात त्या ज्ञानाला बोलीचे रूप मिळणे अद्याप बाकी आहे. हे कार्य वैद्यकाचे तितकेच भाषेचे व समाजशास्त्राचेही आहे. महाविद्यालयांतील या विषयांच्या विभागांनी आरोग्ययंत्रणेच्या बरोबरीने ते हाती घेतल्यास उंबरठ्यावर आलेला हा आजार अनेक घरांच्या दारातूनच परत पाठविता येईल.